व्हीएममध्ये येणारं ट्रॅफिक अडीच गिगाबिटवर का अडकतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. केव्हीएमचे (लिनक्सवर व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारी यंत्रणा) दोन होस्ट, म्हणजे व्हीएमना पोटात घेणारी खरी मशीन, आहेत, दोन्हींत १० गिगाबिटची कार्डं, मध्ये एक स्विच. व्हीएमचं काम बॅकअपचं. होस्ट ते होस्ट आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवलं की सेकंदाला ९.४ गिगाबिट मिळतात. व्हीएममधून बाहेर पाठवताना ९.३. बाहेरून त्याच व्हीएममध्ये येताना मात्र २.५ च्या वर काटा हलत नाही. व्हीएमला आधी ई१००० (जुन्या इंटेल कार्डाची नक्कल) होतं, ते बदलून व्हर्टिओ (व्हीएमसाठीच बनवलेलं आभासी कार्ड) केलं तेव्हा एका गिगाबिटचे अडीच झाले आणि गाडी तिथेच थांबली. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, टीसीपीचे बफर वाढवले, काही फरक नाही. गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, इथटूल (कार्डाची सेटिंग दाखवणारी आणि बदलणारी कमांड) ‘स्पीड अननोन’ दाखवतं म्हणून कार्डच नीट ओळखलं गेलेलं नाही अशी शंका आहे. आणि आता एसआर-आयओव्ही (भौतिक कार्डाचा तुकडा थेट व्हीएमला देण्याची सोय) घेऊ का, असं विचारताय.

थेट उत्तर: एसआर-आयओव्हीची गरज नाही. तुमच्या होस्टच्या भौतिक कार्डावर जीआरओ, म्हणजे जेनेरिक रिसीव्ह ऑफलोड (आलेली छोटी पॅकेटं जोडून मोठा गठ्ठा करण्याची सोय), बंद आहे. तुम्ही चिकटवलेल्या इथटूलच्या आउटपुटमध्येच ते लिहिलंय. ते चालू करा आणि पुन्हा मोजा. बहुतेक तेवढ्यानेच काम होईल. पण का होईल ते समजून घेतलंत तर पुढच्या वेळी केबलपासून सुरुवात करावी लागणार नाही, म्हणून खाली सविस्तर लिहितो.

‘स्पीड अननोन’चं आधी निकालात काढू. व्हर्टिओ कार्डाला वेग असा नसतोच. तिथे तार नाही, तारेच्या दोन टोकांनी ठरवायचं काही नाही. होस्टने मुद्दाम आकडा कळवला नसेल तर ड्रायव्हर ‘माहीत नाही’ म्हणतो, आणि खरं तेच सांगतो. व्हीएमवेअर या दुसऱ्या यंत्रणेचं आभासी कार्ड व्हीएमएक्सनेट३ ‘१० गिगाबिट’ दाखवतं, तोही नुसता लावलेला बोर्ड आहे. एकाच होस्टवरच्या दोन व्हीएम त्या बोर्डापेक्षा जास्त वेगाने बोलू शकतात, आणि होस्टच्या मागे १ गिगाबिटचं कार्ड असलं तरी बोर्ड १० चाच राहतो. त्या आकड्यावरून कसलाही निष्कर्ष काढू नका.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या प्रश्नात तुम्ही जाता जाता एक चौथा आकडा लिहिलाय आणि त्याकडे स्वतःच दुर्लक्ष केलंय: होस्टवरून त्याच्याच पोटातल्या व्हीएमकडे पाठवलं तर २२ गिगाबिट मिळाले. सगळं निदान या एका आकड्यात आहे. तोच ब्रिज (होस्टमधला आभासी स्विच), तोच टॅप (ब्रिजवरचं व्हीएमचं आभासी पोर्ट), तोच व्हीहोस्ट थ्रेड (पॅकेटं गेस्टपर्यंत नेणारा होस्टचा हमाल), तेच गेस्ट, तोच ड्रायव्हर, आणि २२ गिगाबिट. म्हणजे गेस्टची घेण्याची ताकद शाबूत आहे. भौतिक कार्ड होस्टसाठी ९.४ घेतं, म्हणजे तेही शाबूत आहे. दोन्ही तुकडे सुटे सुटे ठीक आणि जोडले की अडीच. मग त्या जोडावर काय वेगळं घडतं?

पॅकेटांचा आकार वेगळा असतो. होस्ट स्वतःच्या व्हीएमला पाठवतो तेव्हा टीसीपी साधारण ६४ किलोबाइटचा एक गठ्ठा तयार करतो. हा गठ्ठा तारेवर जाणारच नाही हे कर्नलला माहीत असतं, म्हणून तो न फोडता तसाच गेस्टच्या मेमरीत उतरतो. बाहेरून येणारा डेटा मात्र तारेवरून १५०० बाइटच्या फ्रेममध्येच येतो. जीआरओचं काम एवढंच, की एकाच कनेक्शनच्या लागोपाठ आलेल्या फ्रेम होस्टच्या दारातच जोडून पुन्हा गठ्ठा करायचा आणि पुढे ब्रिजला तो एक नग म्हणून द्यायचा. ते बंद असेल तर प्रत्येक फ्रेम एकटीच आत जाते.

एका फ्रेमचा प्रवास बघा. भौतिक कार्ड ती डीएमएने, म्हणजे सीपीयूला न गुंतवता, होस्टच्या मेमरीत टाकतं. सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे कर्नलचं इंटरप्टनंतरचं काम, ती उचलतो. ब्रिज आपल्या टेबलात मॅक पत्ता शोधतो. फ्रेम टॅपच्या रांगेत लागते. व्हीहोस्टचा थ्रेड ती गेस्टच्या मेमरीत कॉपी करतो आणि गरज असेल तर गेस्टला इंटरप्ट देतो. मग गेस्टचा स्वतःचा सॉफ्टआयआरक्यू, गेस्टचं टीसीपी, आणि शेवटी प्रोग्रामच्या बफरमध्ये आणखी एक कॉपी. यातलं बहुतेक काम नगावर चालतं, वजनावर नाही. ६४ किलोबाइटचा गठ्ठा असो की १५०० बाइटची फ्रेम, टेबलात शोधायला आणि रांगेत लावायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.

आता हिशेब. १५०० एमटीयूची (एमटीयू म्हणजे एका फ्रेममध्ये मावणारा कमाल डेटा) पूर्ण फ्रेम तारेवर, मधली सक्तीची मोकळी जागा धरून, १,५३८ बाइट खाते. १० गिगाबिटला सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार फ्रेम होतात. तिच्यात खरा डेटा १,४४८ बाइट, म्हणून ९.४१ गिगाबिट, तुमचा होस्ट ते होस्ट आकडा म्हणजे काठोकाठ भरलेली तार आहे, तिथे शोधण्यासारखं काही नाही. ८ लाख फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १.२ मायक्रोसेकंद, ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला जेमतेम ३,७०० सायकल. तेवढ्यात वरचा सगळा प्रवास एका रांगेतून बसवणं अवघडच. तुम्हाला अडीच गिगाबिट मिळतात म्हणजे सेकंदाला साधारण २ लाख १५ हजार फ्रेम, एकीला साडेचार मायक्रोसेकंदांच्या आसपास. ही तुमच्या त्या एका थ्रेडची मर्यादा आहे. जीआरओ चालू असेल तर सुमारे ४५ फ्रेमचा एक गठ्ठा होऊ शकतो. सगळे गठ्ठे काठोकाठ भरत नाहीत, पण भरले असं धरलं तर ९.४ गिगाबिटलाही टॅपवर सेकंदाला १८ हजारच नग येतात. ८ लाख आणि १८ हजार, फरक इथे आहे.

बाहेर जाताना हा त्रास का होत नाही तेही यातूनच कळतं. गेस्ट ६४ किलोबाइटचा गठ्ठा देतं, तो तसाच व्हीहोस्ट आणि ब्रिज ओलांडून भौतिक कार्डापर्यंत जातो, आणि फोडाफोडी ते कार्ड स्वतःच्या चिपवर करतं. म्हणून जाताना वेगवान आणि येताना रखडणारी व्हीएम दिसली की मी पहिल्यांदा होस्टचे रिसीव्ह ऑफलोड बघतो. मग टीसीपीचे बफर वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. (बफरने फरक पडतो तो लांबच्या अंतरावर. १ गिगाबिट आणि २० मिलिसेकंदांचा फेरा असेल तर २.५ मेगाबाइट डेटा वाटेत असावा लागतो. ६४ किलोबाइटच्या विंडोने तिथे २६ मेगाबिटच मिळतील. तुमचा फेरा एका स्विचचा आहे.)

करायचं काय ते आता. होस्टवर इथटूलचा छोटा ‘के’ ऑफलोड दाखवतो, मोठा ‘के’ बदलतो. कार्डाचं नाव द्यायचं ते भौतिक कार्डाचं. ब्रिजचं नाही आणि टॅपचंही नाही. बदलण्याआधी दुसऱ्या खिडकीत टॉप (सीपीयू कोण किती वापरतंय ते दाखवणारी कमांड) लावा आणि मोठा ‘एच’ दाबून थ्रेड सुटे करा. टेस्ट चालू असताना ‘व्हीहोस्ट’ आणि पुढे एक आकडा अशा नावाचा थ्रेड १०० टक्क्यांना टेकलेला दिसेल; तो आकडा म्हणजे त्या व्हीएमच्या क्यूईएमयूचा (होस्टवर व्हीएम चालवणारा प्रोग्राम) प्रोसेस क्रमांक. तुम्हाला होस्टवर ‘एक कोअर पूर्ण भरलेला’ दिसला होता तो हाच असणार. गेस्टमधल्या टॉपमध्ये हा दिसतच नाही, म्हणून ‘सीपीयू तर मोकळाच आहे’ असं वाटत राहतं. असा थ्रेडच सापडला नाही, आणि क्यूईएमयूचाच मुख्य थ्रेड तापलेला असेल, तर व्हीहोस्ट वापरलाच जात नाहीये. तो दुसरा रोग आणि जास्त सोपा.

जीआरओ चालू करा. व्हीएम बंद करायची गरज नाही. ३० सेकंदांची टेस्ट पुन्हा घ्या. वेग वर जाऊन व्हीहोस्टचा टक्का खाली आला तर निदान पक्कं.

एक सूचना: यानंतर गेस्टमध्ये टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावलात तर ३०-४० हजार बाइटची पॅकेटं दिसतील आणि एमटीयू मोडल्यासारखं वाटेल. मोडलेला नाही. डम्प जोडणीच्या नंतर बघतो, तारेवर सगळं १५०० चंच आहे. या दृश्याला घाबरून लोकांनी ऑफलोड परत बंद केलेले मी पाहिलेत.

आता हे बंद केलं कोणी? इथटूलने केलेला बदल रीबूटनंतर टिकत नाही, त्यामुळे तुमच्या होस्टवर कुठेतरी, इंटरफेसच्या कॉन्फिगमध्ये किंवा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये, बंद करणारी ओळ बसलेली आहे. ती शोधून काढा, नाहीतर पुढच्या रीबूटला हीच कथा. ‘व्हर्च्युअलायझेशन असेल तर सगळे ऑफलोड बंद करा’ हा सल्ला वर्षानुवर्षं एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरतोय. त्याचा उगम खोटा नाही. व्हर्टिओवरून येणाऱ्या पॅकेटचा चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा) अर्धवट ठेवलेला असतो, कारण मेमरीतून मेमरीत जाताना तो मोजण्यात अर्थ नसतो. काही जुने डीएचसीपी क्लायंट अशी पॅकेटं चुकीची म्हणून फेकत. फ्रीबीएसडीवर चालणाऱ्या फायरवॉल व्हीएममध्येही व्हर्टिओसोबत चेकसम ऑफलोड बंद करावा लागतो. शिवाय एलआरओ, म्हणजे जोडलेला गठ्ठा पुन्हा हुबेहूब फोडता येत नाही असा प्रकार, ब्रिजच्या मागे खरोखरच नको असतो. लिनक्स कार्ड ब्रिजला जोडताना तो स्वतःच बंद करतं. पण जीआरओ मुळात फोडता यावा अशाच बेताने बनवलेला आहे. एका गेस्टच्या आतला उपाय कोणीतरी होस्टच्या कार्डावर लावला आणि मग सगळ्या व्हीएमनी मिळून त्याची किंमत मोजली.

जीआरओने आकडा वाढला पण पाच-सहावर थांबला, तर होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारी यंत्रणा) आहे का बघा. त्याच्यासोबत ब्रिज-नेटफिल्टर मॉड्यूल चढलेलं असू शकतं, आणि ‘ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’ १ झालं की व्हीएमकडे जाणारा प्रत्येक नग आयपीटेबल्सच्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या, नियमांतून फिरून जातो. नियम शे-दोनशे असतील तर ते जाणवतं. मात्र हा आकडा डोळे मिटून ० करू नका. व्हीएमची फायरवॉल त्याच वाटेवर उभी असू शकते.

त्यानंतर मल्टिक्यू, म्हणजे एका कार्डाला अनेक रांगा. सध्या तुमच्या व्हीएमला एकच रांग आहे, म्हणजे येणारं सगळं एका व्हीहोस्ट थ्रेडवर. व्हीएमच्या व्याख्येत रांगा ४ करा, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा (आतून रीबूट पुरत नाही), आणि गेस्टमध्ये इथटूलच्या छोट्या ‘एल’ने चारही वापरात आहेत याची खात्री करा. रांगा व्हीसीपीयूंपेक्षा, म्हणजे व्हीएमला दिलेल्या आभासी सीपीयूंपेक्षा, जास्त ठेवण्यात अर्थ नाही. आणि लक्षात ठेवा, एक कनेक्शन एकाच रांगेत बसतं. एका धाग्याची, म्हणजे एकाच कनेक्शनची, टेस्ट घेऊन ‘मल्टिक्यूने काही झालं नाही’ म्हणणारे रोज भेटतात. आठ समांतर धागे लावा. पण आयपर्फ३ ची ३.१६ च्या आधीची आवृत्ती असेल तर तिचे आठही धागे एकाच सीपीयूवर धावतात, मग ती टेस्ट स्वतःच अडथळा बनते. आवृत्ती तपासा. दोन टोकांच्या दोन कार्डांचं बाँडिंग करूनही, म्हणजे ती एकत्र बांधूनही, एका फाइलच्या कॉपीला वेग येत नाही त्याचंही हेच कारण: पत्त्यांवरून काढलेला हॅश एका कनेक्शनला एकाच तारेवर बसवतो.

वेग ठीक पण मधेच खड्डे पडतात, असं दिसलं तर ड्रॉप मोजा. इथे नवीन माणूस हमखास फसतो. गेस्टमध्ये ड्रॉप शून्य, भौतिक कार्डावर शून्य, आणि तरी पॅकेटं गायब. टॅपचा ‘टीएक्स ड्रॉप’ बघा. टॅप हे होस्टच्या बाजूचं तोंड आहे. होस्ट त्यात ‘पाठवतो’ ते गेस्टला ‘येतं’. म्हणजे गेस्टकडे येताना पडलेली पॅकेटं होस्टवर टीएक्समध्ये मोजली जातात.

अशीच एक गोष्ट माझ्याकडची. एका लॉग गोळा करणाऱ्या व्हीएममध्ये दर काही मिनिटांनी नोंदी हरवत होत्या. सरासरी ट्रॅफिक ३०० मेगाबिटही नव्हतं. टीमने तिला चारचे आठ, आठचे सोळा व्हीसीपीयू दिले आणि दर वेळी दुखणं वाढलं. मी टॉपमध्ये फक्त शेवटचा स्तंभ बघितला, ‘एसटी’: स्टील, म्हणजे हवा असूनही व्हीएमला न मिळालेला सीपीयूचा वेळ. तो १२ ते १५ टक्क्यांत खेळत होता. होस्टला कोअर २०, आणि सगळ्या व्हीएम मिळून मागणाऱ्या व्हीसीपीयू सत्तरच्या पुढे. या व्हीएमचा सीपीयू काही मिलिसेकंद दुसऱ्याला दिला जायचा, आणि नेमक्या तेवढ्यात लॉगचा लोंढा यायचा. व्हर्टिओची रिंग, म्हणजे गेस्टसाठी पॅकेटं ठेवायची जागा, सहसा २५६ जागांची असते. १० गिगाबिटच्या पूर्ण वेगाने सुट्या फ्रेम आल्या तर ती ०.३ मिलिसेकंदात भरते. पुढची भर टॅपच्या रांगेत, ती भरली की कचऱ्यात. आम्ही सोळाचे परत चार केले, शेजारच्या दोन रिकाम्या बसलेल्या व्हीएमचेही कमी केले आणि रिंग १,०२४ केली. स्टील दोनच्या खाली आला, नोंदी हरवणं थांबलं. व्हीएमच्या बाबतीत ‘नेटवर्क स्लो’ या तक्रारीत सीपीयूचीच तक्रार किती वेळा निघते हे त्या दिवशी त्या टीमने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. व्हीएमवेअरवर हेच ‘रेडी’ नावाने दिसतं: २० सेकंदांच्या आलेखात एका व्हीसीपीयूला २,००० मिलिसेकंद म्हणजे १० टक्के वाट बघण्यात गेले.

केव्हीएमबाहेरच्या आणखी दोन गोष्टी, कारण हा प्रश्न वाचणाऱ्यांत सगळेच केव्हीएमवाले नसतील. विंडोज गेस्ट आणि व्हीएमएक्सनेट३ असेल आणि ड्रॉप होत असतील, तर ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘स्मॉल आरएक्स बफर्स’ ८,१९२ पर्यंत आणि ‘आरएक्स रिंग १’ ४,०९६ पर्यंत नेता येतात, आणि आरएसएस (येणारं ट्रॅफिक अनेक सीपीयूंवर वाटणं) चालू आहे का ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर ‘लेगसी’ कार्ड लावलेलं असेल तर ते १०० मेगाबिटच्या जुन्या चिपची नक्कल आहे. नेटवर्कवरून बूट करण्यापुरतं वापरावं आणि काढून टाकावं.

जंबो फ्रेमबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. एमटीयू ९,००० केला की नगांची संख्या साधारण सहापट कमी होते, त्यामुळे तुमचा आकडा त्यानेही वाढला असता आणि खरं कारण झाकलं गेलं असतं. शिवाय वाटेतलं एकही उपकरण १५०० वर राहिलं तर पिंग चालतं, लॉगिन होतं आणि मोठी फाइल मात्र लटकते, हा शोधायला सगळ्यात त्रासदायक दोष. लावायचाच असेल तर पिंगला ‘फोडू नका’ म्हणून ८,९७२ बाइट पाठवून बघा. २८ बाइट शीर्षकांचे धरून ९,००० होतात. व्हीएक्सलॅन (खऱ्या नेटवर्कवर चालणारं आभासी नेटवर्क) असेल तर त्याचे ५० बाइट वेगळे.

राहिला एसआर-आयओव्ही. त्यात भौतिक कार्डाचा एक तुकडा थेट गेस्टला मिळतो. ब्रिज, टॅप, व्हीहोस्ट सगळं वगळलं जातं. वेग आणि लेटन्सी दोन्ही छान. पण होस्टवरची फायरवॉल त्या वाटेवर राहत नाही, लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं, अवघड होऊन बसतं, आणि गेस्टला त्या कार्डाचा ड्रायव्हर लागतो. १० गिगाबिटवर मोठ्या फाइली हलवायला मी हा सौदा करणार नाही. लहान पॅकेटांचं काम असेल, म्हणजे आवाजाचे कॉल, डीएनएस किंवा व्हीएमच राउटर, तर गोष्ट निराळी. ६४ बाइटच्या फ्रेमने १० गिगाबिट भरायला सेकंदाला १ कोटी ४८ लाख फ्रेम लागतात आणि तिथे जीआरओ फारसा हात देत नाही. तुमचं काम बॅकअपचं आहे, तेव्हा तो विषय सोडा.

जीआरओ चालू करूनही आठच्या वर गेला नाहीत तर तीन गोष्टी एकाच टेस्टच्या वेळच्या पाठवा: होस्टवर थ्रेडनिहाय टॉपच्या पहिल्या दहा ओळी, टॅपचे टीएक्स ड्रॉप टेस्टच्या आधी आणि नंतर, आणि गेस्टमधला प्रत्येक सीपीयूचा ‘सॉफ्ट’ (सॉफ्टआयआरक्यूचा) व ‘स्टील’ टक्का. बाकीचे स्क्रीनशॉट नकोत.